एकाचे स्वादुपिंड, दुसऱ्याचे यकृत

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात पचनसंस्थेचे चित्र असते. तोंड, अन्ननलिका, जठर, लहान आतडे, मोठे आतडे अशी एक सरळ रांग. अन्न जाते तो हा रस्ता. त्या रांगेच्या बाजूला आणखी काही नावे लिहिलेली असतात. दात, जीभ, लाळग्रंथी, यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड. त्यांच्यावर शिक्का असतो 'सहायक अवयव' असा. मुले ही नावे घोकतात, परीक्षेत दोन गुण मिळवतात आणि विसरून जातात. आम्हाला मात्र या 'सहायक' शब्दापाशी थांबावेसे वाटते. कारण ज्याच्या कष्टावर सगळा डोलारा उभा आहे त्यालाच सहायक ठरवून बाजूला बसवायचे, ही या देशाची जुनी खोड आहे.

यकृताचेच पाहा. सुमारे दीड किलो वजनाचा हा अवयव उजव्या बरगड्यांच्या आड बसलेला असतो. अन्नाचा एक घासही त्याच्यातून जात नाही. पण आतड्याने शोषलेली साखर, प्रथिने, औषधे आणि विषसुद्धा रक्तावाटे आधी त्याच्याच दारात येतात. तो साखर साठवतो, विष निकामी करतो, रक्त गोठायला लागणारे घटक बनवतो आणि दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतो. पित्ताशय म्हणजे ते पित्त राखून ठेवणारी लहानशी पिशवी. स्वादुपिंड जठराच्या मागे दडलेले, जेमतेम वीतभर लांबीचे. पण रोज सुमारे दीड लिटर पाचक रस तेच पुरवते आणि रक्तातली साखर आवरणारे इन्शुलिनही तेच बनवते. लाळग्रंथी दिवसाकाठी लिटर-दीड लिटर लाळ सोडतात. हे 'सहायक' संपावर गेले, तर मुख्य म्हणवणाऱ्या रांगेला भाकरीचा तुकडाही नीट पचवता येणार नाही.

पुरुषसूक्ताने समाजाची उतरंड शरीराच्या उपमेवरच उभी केली. मुखातून एक जन्मला, पायांतून दुसरा. म्हणून एक वरचा, दुसरा खालचा. बाबासाहेबांनी 'शूद्र पूर्वी कोण होते?' या १९४६ च्या ग्रंथात त्या सूक्ताची कसून चिकित्सा केली. शरीरशास्त्र आपल्या परीने तोच निवाडा देते. शरीरात कामाची वाटणी आहे, मानाची उतरंड नाही. उतरंड आली ती माणसाने केलेल्या चित्रात.

या अवयवांचा आणखी एक स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे. ते सहसा ओरडत नाहीत. दात ठणकतो आणि पित्ताचा खडा अडकला की माणूस गडाबडा लोळतो, हे खरे. पण यकृताच्या आतल्या भागाला वेदना जवळजवळ कळतच नाही. दुखते ते त्याच्यावरचे आवरण ताणले गेल्यावर, म्हणजे बऱ्याच उशिरा. स्वादुपिंडाचे इन्शुलिन कमी पडू लागले, तरी माणूस वर्षानुवर्षे हिंडत-फिरत राहतो. तोंडातला पांढरा चट्टा सुरुवातीला दुखत नाही. दुखत नाही म्हणून कोणी पाहत नाही, कोणी पाहत नाही म्हणून वाढतो. आमच्या वस्त्यांचेही असेच झाले आहे. जो ओरडत नाही त्याला काही झालेले नाही, असे ही व्यवस्था सोयीने धरून चालते.

दादरच्या बाबतीत हा विषय आम्हाला अधिकच जवळचा आहे. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले आणि दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. आज जिथे चैत्यभूमी आहे ती हीच जागा. दादरच्याच हिंदू कॉलनीत त्यांचे राजगृह आहे. तिथल्या ग्रंथांबद्दल आपण अभिमानाने बोलतो. ते ग्रंथ वाचणाऱ्या देहाबद्दल मात्र फारसे बोलत नाही. त्या देहाला मधुमेह होता. संविधानाचा मसुदा तयार होत होता त्या काळात त्यांना झोप लागत नसे, पायांच्या नसांत असह्य वेदना होत आणि इन्शुलिन घ्यावे लागे. १९५४ साली त्यांनी अनेक महिने अंथरुणावर काढले. दृष्टी अधू झाली. तरीही १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ते नागपूरच्या दीक्षाभूमीवर उभे राहिले आणि अखेरच्या दिवसांपर्यंत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे काम करत राहिले.

हे आम्ही गहिवर आणण्यासाठी लिहीत नाही. इन्शुलिनचा शोध टोरांटोला १९२१ मध्ये लागला आणि पुढच्याच वर्षी ते पहिल्यांदा रुग्णाला टोचले गेले. त्याआधी ज्या मधुमेहात इन्शुलिन बनणेच थांबते, तो झालेले मूल थोड्याच काळात मरत असे. विज्ञानाने केलेले काम वेळेवर माणसापर्यंत पोहोचले, तर आयुष्याची वर्षे वाढतात. पोहोचले नाही, तर तेच विज्ञान फक्त पुस्तकात राहते. प्रश्न पोहोचण्याचा आहे, आणि कोणापर्यंत पोहोचते आणि कोणापर्यंत नाही, याचा आहे.

मधुमेह म्हणजे खाऊनपिऊन सुखी असलेल्यांचा रोग, हा समज अजून आपल्या लोकांत घट्ट आहे. 'आपण कष्ट करतो, आपल्याला कुठली साखर?' असे म्हणून तपासणी टाळली जाते. हा समज खोटा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गरोदर माता आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. पण आपल्या किडकिडीत बाळांत चरबीचे प्रमाण तुलनेने टिकून होते. कमी होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. आईच्या पोटात उपासमार सोसलेले असे मूल मोठेपणी थोडे जरी भरपेट जेवू लागले, तरी त्याला मधुमेहाचा धोका अधिक असतो. त्यापुढचीही गोष्ट आहे. कुपोषणातून येणारा मधुमेह हा वेगळा, पाचवा प्रकार असल्याचे आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२५ मध्ये मान्य केले. पिढ्यान्‌पिढ्यांची भूक स्वादुपिंडात लिहिली जाते, असा याचा साधा अर्थ. ज्या समाजाला उष्ट्यावर जगायला लावले, त्याच्या नातवंडांनी रक्तातील साखर तपासली पाहिजे, कारण तो हिशेब अजून मिटलेला नाही.

आता दादरच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे येऊ. इथल्या सुखवस्तू इमारतींत मधुमेहाचे कितीतरी रुग्ण आहेत. ते घरीच इन्शुलिन टोचून घेतात. त्यात वावगे काहीच नाही. ते औषध आहे, ते घ्यायलाच हवे. पण टोचून झालेली सुई जाते कुठे? बहुतेक घरांत ती भाजीच्या देठांबरोबर, चहाच्या चोथ्याबरोबर कचऱ्याच्या पिशवीत जाते. सकाळी ती पिशवी उचलणारा हात कोणाचा? दादरच्या कासारवाडीत आणि गौतम नगरात महापालिकेच्या सफाई कामगारांच्या वसाहती आहेत. पहाटे हजेरी चौकीवर नाव लावून निघणारा हात तिथलाच, नाहीतर अशाच दुसऱ्या वसाहतीतला, किंवा कंत्राटदाराच्या यादीतला. हातमोजे असले तरी सुई त्यांतून आरपार जाते.

एकाच्या स्वादुपिंडाची सोय दुसऱ्याच्या यकृताच्या मुळावर येते ती इथे. सुईच्या मालकाच्या रक्तात 'हिपॅटायटिस बी'चा विषाणू असेल, तर टोचल्या गेलेल्या, लस न घेतलेल्या माणसाला लागण होण्याचा धोका शंभरात सहापासून तीसपर्यंत असतो. हा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस तग धरतो. घरात दुसऱ्या कोणाला नुसते शेजारी बसून, एका ताटात जेवून तो होत नाही. तो रक्तातून, असुरक्षित संबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला होतो. म्हणून अशा रुग्णाचे ताट-वाटी वेगळे करण्याची गरज नाही. ताट वेगळे करण्याचा अनुभव आपल्याला पुरेसा आहे. विषाणू एकदा यकृतात बसला की अनेकांच्या बाबतीत वर्षानुवर्षे काही बोलत नाही. पुढे यकृत निबर होते, पोटात पाणी होते, कधी कर्करोग होतो. तोवर कामगार निवृत्त झालेला असतो किंवा कंत्राट संपलेले असते. मग त्या सुईचा आणि त्या यकृताचा संबंध कोण जोडणार?

हे टाळता येत नाही असे अजिबात नाही. या विषाणूचा शोध लावणारे बारूक ब्लूमबर्ग यांना १९७६ मध्ये नोबेल मिळाले. त्यावरची लस कित्येक दशकांपासून उपलब्ध आहे. आपल्या देशात तान्ह्या बाळांच्या सार्वत्रिक लसीकरणात ती २०११ पर्यंत सर्व राज्यांत आली. म्हणजे आज झाडू आणि गाडी हाती घेणारा बहुतेक कामगार त्या आधी जन्मलेला आहे. त्याला बाळपणी ती लस मिळण्याची शक्यता कमीच. त्याला तीन डोस आता द्यावे लागतील. २०१८ मध्ये केंद्र सरकारने विषाणूजन्य काविळीच्या नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यात बी आणि सी या दोन्ही प्रकारांची तपासणी आणि औषधे मोफत देण्याचे ठरले. सी प्रकार तर आता गोळ्यांनी साधारण तीन महिन्यांत बहुतेकांचा बरा होतो. सुईबद्दलही कायदा गप्प नव्हता. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी घरातल्या वापरलेल्या सुयांची गणना घरगुती घातक कचऱ्यात केली आणि त्या वेगळ्या द्यायला सांगितले. लस आहे, औषध आहे, नियमही झाले. नाही ती फक्त निकड. कारण टोचते ते दुसऱ्याला.

इथे कोणी म्हणेल, सफाई कामगार दारू पितात, तंबाखू खातात, मग यकृताची आणि तोंडाची तक्रार कशाला करता? हा युक्तिवाद आम्ही पुष्कळ ऐकला आहे. त्याचे उत्तर सरळ द्यावे लागेल. दारू यकृत खाते, यात शंका नाही. पंचशीलातले पाचवे शील आपण रोज म्हणतो. ते म्हणून झाल्यावर बाटली उघडणाऱ्याची बाजू आम्ही घेणार नाही. हातभट्टीत मिथेनॉल मिसळले असेल तर यकृत आपल्या नेहमीच्या कामाप्रमाणे ते फोडायला जाते आणि त्यातून तयार होणारे फॉर्मिक आम्ल डोळे आणि जीव घेते. मालाडच्या मालवणीत २०१५ च्या जूनमध्ये शंभराहून अधिक माणसे अशी गेली. ती कोणत्या थरातली होती, हे सांगायला नको. पण ज्याला कुजलेल्या कचऱ्यात उभे केले आहे तो माणूस गालात तंबाखू का धरतो, नाकातला वास मारायला संध्याकाळी काय शोधतो, हेही एकदा विचारा. व्यसन त्याचे आहे. वास त्याचा नाही. तो सगळ्या शहराचा आहे.

आणि व्यसन ही एकट्या वस्तीची मिरासदारी नाही. कार्यालयातल्या मेजाच्या खणात गुटख्याची पुडी असते. आपल्या कितीतरी आया-बहिणी दात घासायचे म्हणून मिशेरी लावतात आणि तिला व्यसन मानतच नाहीत. मिशेरी ही भाजलेली तंबाखूच आहे. सुपारीसुद्धा निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीला कर्करोगकारक ठरवले. महाराष्ट्राने गुटख्यावर २००२ मध्ये बंदी घातली, ती सर्वोच्च न्यायालयात २००४ मध्ये टिकली नाही. २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली पुन्हा बंदी आली. तरीही पुड्या मिळतात, हे टपरीवरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

या पुड्यांचा शेवटचा मुक्काम पाहायचा असेल तर दादरहून फार लांब जावे लागत नाही. परळला १९४१ पासून टाटा रुग्णालय उभे आहे. तोंडाच्या, जिभेच्या, गालाच्या कर्करोगाचे रुग्ण महाराष्ट्राच्या आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून तिथे येतात. ज्यांना मुंबईत घर नाही, त्यांतल्या अनेकांना दादर पूर्वेच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेने आसरा दिला आहे. बाबासाहेबांनंतर अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी गेलेल्या गाडगेबाबांचे नाव त्या इमारतीला आहे, हे योग्यच आहे. बाबांनी देवळे बांधली नाहीत. ज्याला रात्री पाठ टेकायला जागा नाही, त्याच्यासाठी धर्मशाळा बांधल्या. पण धर्मशाळा हा उशिरा पोहोचलेल्यांचा आसरा आहे. लवकर पोहोचण्याची सोय कुठे आहे?

ती सोय अवघड नाही. केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून साध्या प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन, केवळ उजेडात लोकांचे तोंड उघडून पाहिले. २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तंबाखू किंवा दारूचे सेवन करणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले होते. यंत्र लागले नाही. लागली ती फक्त एक बॅटरी आणि माणसाच्या दारात जाण्याची तयारी. आपण घरीही पाहू शकतो. वरच्या आणि खालच्या दातांच्या मध्ये आपली तीन बोटे उभी जातात का? जात नसतील, जिभेवर किंवा गालात पांढरा-लाल चट्टा असेल, दोन-तीन आठवडे न भरणारी जखम असेल, तर दुखत नसले तरी दवाखाना गाठावा. दुखत नाही, हाच धोका आहे.

मग आमचे म्हणणे काय? महापालिकेकडे आमच्या तीन मागण्या आहेत. पहिली, प्रत्येक हजेरी चौकीवर वर्षातून एकदा, कामाच्या वेळेत, रोज न कापता तपासणी व्हावी. रक्तातील साखर, तोंड आणि काविळीचे दोन्ही विषाणू. दुसरी, प्रत्येक सफाई कामगाराला लसीचे तिन्ही डोस मिळावेत आणि सुई टोचल्याची नोंद चौकीवरच्या वहीत व्हावी, म्हणजे उद्या यकृताचा आजार निघाला तर पुरावा असेल. तिसरी, घरगुती सुया वेगळ्या गोळा करण्याची व्यवस्था इमारतीनिहाय असावी. आणि या तिन्हींत कायम आणि कंत्राटी असा भेद नको. महापालिकेच्या २७०० कंत्राटी सफाई कामगारांच्या कायमपणाचा लढा कचरा वाहतूक श्रमिक संघाला सर्वोच्च न्यायालयापर्यंत न्यावा लागला, तेव्हा कुठे २०१७ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल लागला. यकृताला इतकी वर्षे थांबता येत नाही.

सुखवस्तू घरांनाही एक सांगणे आहे. इन्शुलिनची सुई जाड प्लास्टिकच्या डब्यात टाका, डबा भरला की झाकण चिकटपट्टीने बंद करा, त्यावर 'सुया' असे ठळक लिहा आणि तो वेगळा द्या. याला ना खर्च आहे, ना वेळ. एवढेही होत नसेल तर सामाजिक समतेवरची भाषणे आपण ऐकून घेणार नाही.

आणि शेवटी आपल्यासाठी. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कावर महापालिका आरोग्य कक्ष उभारते. डोके दुखले की गोळी घ्यायची, पायाला फोड आला की पट्टी बांधायची, एवढाच त्यांचा उपयोग आपण करून घेतो. तिथे साखर मोजून घ्या, तोंड दाखवा. जे इन्शुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेतात त्यांनी रांगेत तासन्‌तास उपाशी उभे राहू नये. खिशात गुळाचा खडा, साखर ठेवावी. घाम फुटला, हात थरथरले तर लगेच खावी. जयंतीच्या मंडळांनी डीजेच्या एका रात्रीचा खर्च वाचवला तर एका वस्तीची साखर आणि काविळीची तपासणी होते की नाही, हा हिशेब मंडळाच्या बैठकीत मांडून पाहावा. विहारात दर महिन्याच्या एका रविवारी वंदनेनंतर बॅटरी घेऊन एकमेकांची तोंडे पाहायला कोणाची परवानगी लागत नाही.

बाबासाहेबांनी मूकनायक काढला तो ज्यांना वाचा नव्हती त्यांच्यासाठी. त्याला आता शंभरावर वर्षे झाली. आपल्याला वाचा मिळाली आहे. आपल्या पोटातल्या मुक्यांसाठी आणि आपला कचरा उचलणाऱ्या हातांसाठी ती वापरायला आपण कोणाची वाट पाहतो आहोत?